परदेशातील नोकरी आणि इंटरनेटवरचे बोलणे

इंटरनेट कॉलिंगमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे केले जातात, त्या आकड्यांचे बारीक तुकडे इंटरनेटवरून पाठवले जातात आणि पलीकडच्या फोनमध्ये ते पुन्हा जोडून आवाज ऐकवला जातो. घरापासून दूर राबणाऱ्या माणसाला या तंत्रापेक्षा त्याचा परिणाम मोलाचा वाटतो. या बोलण्याला मिनिटागणिक पैसे पडत नाहीत आणि अंतर वाढले म्हणून दर वाढत नाही. आंतरराष्ट्रीय फोनची शंभर वर्षांची दरपद्धती दहा-पंधरा वर्षांत मोडली ती यामुळे. तरीही परदेशातल्या प्रत्येक भारतीयाला घरी मोकळेपणाने बोलता येते असे नाही. पैशांची अडचण बरीचशी सरली असली, तरी परवानगीची, वेळेची आणि खासगीपणाची अडचण उरली आहे.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. आखातातील सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ सालच्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. हा पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला आणि केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा होता. पुण्याहून अमेरिकेला गेलेला संगणक अभियंता या आकड्यांत आहे, तसाच खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतून दुबई, कुवेत, सौदीला गेलेला वाहनचालक, वेल्डर, स्वयंपाकीही आहे. गोव्याचा आणि कोकणचा बोटीवर काम करणारा माणूस त्यांच्याही आधीपासून घराबाहेर आहे. फोन तिघांच्याही हातात आहे, पण त्यावरून बोलण्याची मोकळीक तिघांना सारखी मिळत नाही.

पत्र, कॅसेट, बूथ

मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राखालून तारेची केबल पडली ती १८७० मध्ये. पुढची शंभर वर्षे समुद्रापारची बातमी तातडीने कळवायची तर तार, नाहीतर पत्र, एवढेच मार्ग सामान्य कुटुंबाला होते. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशाने आखातात बांधकामे सुरू झाली आणि कोकणातून माणसे तिकडे जाऊ लागली, तेव्हाही पत्रच चालत असे. ज्यांना लिहिता येत नसे ते कॅसेटवर बोलत आणि सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याबरोबर ती घरी पाठवत. घरचे त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत पाठवत. एका देवाणघेवाणीला महिना-दोन महिने सहज लागत.

फोन होता, पण तो घरी नसे. पत्रात शेजाऱ्याचा ‘पी.पी.’ नंबर दिलेला असे, आधी कळवलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला सारे घर त्या शेजाऱ्याकडे जाऊन बसे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एसटीडी-आयएसडीचे बूथ पसरले आणि तालुक्याच्या गावी जाऊन परदेशी फोन लावता येऊ लागला. दर मात्र जबर होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला एक मिनिट बोलायला साठ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. बूथमधल्या यंत्रावर रक्कम पळताना दिसत असे, म्हणून बोलणे खुशाली, पैसे पोहोचले का आणि कधी येणार, एवढ्यातच उरकले जाई.

या तुटपुंज्या संपर्काची खरी किंमत १९९० मध्ये कळली. २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि तिथल्या भारतीयांचा घराशी संबंध तुटला. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कित्येक घरांना आठवडेच्या आठवडे कळले नाही. पुढे १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्यांतल्या अनेकांची पहिली खबर ते मुंबईला उतरल्यावरच घरी पोहोचली. २०२० मध्ये महासाथीने विमाने थांबली तेव्हाही लाखो लोक आखातात अडकले, अनेकांचा पगार बुडाला, काही जण आजारी पडले. पण त्यांची हालहवाल घरच्यांना रोज कळत होती, आणि मदतीसाठी वकिलातीपर्यंत पोहोचणारे कितीतरी अर्ज गावाकडच्या नातेवाइकांनी फोनवर माहिती घेऊन भरलेले होते.

आवाज जातो कसा

जुन्या पद्धतीत दोन फोनांमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. बोलणारा गप्प बसला तरी ती दुसऱ्याला मिळत नसे, आणि म्हणून तिचे भाडे मिनिटावर होते. इंटरनेटवर अशी राखीव वाट नाही. फोन साधारण दर २० मिलिसेकंदांचा आवाज घेतो, तो आकुंचित करतो, त्यावर पत्ता लिहितो आणि सोडून देतो. अशी सेकंदाला पन्नास पाकिटे निघतात. ती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचू शकतात, काही हरवतातही. पलीकडचा फोन ती क्षणभर साठवून ओळीत लावतो. उशिरा आलेले पाकीट टाकून द्यावे लागते, कारण तोवर संभाषण पुढे गेलेले असते.

आवाज असा पाठवण्याचे प्रयोग अमेरिकेत अर्पानेट या जाळ्यावर सत्तरच्या दशकातच झाले होते. बाजारात आलेले पहिले ठळक उत्पादन म्हणजे व्होकलटेक या इस्रायली कंपनीचा १९९५ चा ‘इंटरनेट फोन’. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्या काळात कॉल जोडण्याचे आणि आवाज वाहून नेण्याचे नियम ठरत गेले. आवाज आकुंचित करण्याच्या तंत्राने मोठी उडी घेतली ती २०१२ मध्ये मानक ठरलेल्या ‘ओपस’ने. सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत हे तंत्र चालते आणि जाळे मंदावले की चालू बोलण्यातच खालच्या पायरीवर उतरते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजला एका आवाजासाठी ६४ किलोबिट लागत, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्ताईचे अर्धे कारण कळते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आवाजाला २४ किलोबिट धरले आणि पाकिटांवरच्या पत्त्यांचे १६ किलोबिट मिळवले, तर एका दिशेला सेकंदाला ४० किलोबिट होतात. दोन्ही दिशा धरून मिनिटाला सुमारे ६०० किलोबाइट, म्हणजे तासाला ३६ मेगाबाइट. साध्या प्रतीच्या व्हिडिओला एका दिशेला ५०० किलोबिट धरले, तर तासाला ४५० मेगाबाइट लागतात. ज्याला आठवड्याला मोजका डेटा परवडतो त्याच्यासाठी आवाज आणि चित्र यांच्यातला हा बारापट फरक निर्णायक असतो.

बोलणे नैसर्गिक वाटायचे तर आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. त्याहून उशीर झाला की दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते दुबई हे जेमतेम दोन हजार किलोमीटरचे अंतर त्याला दहा मिलिसेकंदांचे. तेव्हा ‘लांबून बोलतोय म्हणून आवाज तुटतोय’ हा समज आखातापुरता तरी खोटा आहे. आवाज तुटतो तो बहुधा दोन्ही टोकांच्या शेवटच्या काही मीटरमध्ये. एका खोलीत सहा-आठ जण, सगळ्यांचा मिळून एक राउटर आणि रात्रीच्या जेवणानंतरची गर्दीची वेळ असे एक टोक. डोंगराच्या कुशीतले गाव, तिथला एकच मोबाइल टॉवर आणि पावसाळ्यात गेलेली वीज हे दुसरे. घुमणारा आवाज तर बहुतेक वेळा स्पीकरवर ठेवलेल्या फोनचा असतो आणि साध्या इअरफोनने तो थांबतो.

कधीमधी दोष खरोखरच मधल्या समुद्रात असतो. २००८ च्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाजवळ आणि आखातात केबल तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात तुटल्या, आणि दोन्ही वेळा भारत ते आखात या पट्ट्यातले इंटरनेट रडतखडत चालले. आकाशातून सारे काही चालते अशी अनेकांची समजूत असते, पण मुंबईच्या किनाऱ्यावर वर येणाऱ्या मूठभर केबलींवर लाखो घरांच्या गप्पा अवलंबून आहेत.

स्काइपपासून व्हॉट्सॲपपर्यंत

ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले. निक्लास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस हे त्याचे संस्थापक, आणि ते प्रत्यक्ष घडवले एस्टोनियातल्या तंत्रज्ञांनी. दोन संगणकांमध्ये फुकट आणि संगणकावरून साध्या फोनवर थोड्या पैशांत, अशी त्याची रचना होती. अमेरिकेतला मुलगा आणि पुण्यातले आईवडील यांच्यासाठी हे वरदान ठरले. घरात संगणक होता, ब्रॉडबँड होते, आणि रविवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर बसण्याचा परिपाठ पडला. आखातातल्या मजुराच्या घरी यांतले काहीच नव्हते. त्याच्यासाठी त्या काळात प्रीपेड कॉलिंग कार्ड होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला, बहुधा बेकायदा, स्वस्त फोन होता. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरला घेतलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले.

मजुराचे चित्र बदलले ते स्वस्त स्मार्टफोनने. व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आवाजी संदेश, २०१५ मध्ये कॉल आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आणला. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ सुरू झाले आणि भारतात डेटाचे दर कोसळले. या योगायोगाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. बोलणे दोन टोकांचे असते. परदेशातल्या टोकाला वाय-फाय होतेच, गावाकडचे टोक आंधळे होते. २०१६ नंतर ते उघडले आणि फोनवर फक्त पैसे घेणारी, निरोप ऐकणारी घरची बाई व्हिडिओवर दिसू लागली, स्वतः फोन लावू लागली. पूर्वी फोन नेहमी परदेशातून येई. आता तो गावाकडूनही जातो, आणि कितीतरी घरांत सुरुवात गावाकडूनच होते.

या सोयीचा एक लाभार्थी वर्ग चर्चेत फारसा येत नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी साधा टेलिफोन कधीच उपयोगाचा नव्हता. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला परदेशातल्या आप्ताशी थेट बोलण्याचे पहिले साधन व्हिडिओ कॉलनेच दिले.

भारतातील नियम

भारताने इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ रोजी मर्यादित मुभा दिली. भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येई, पण परदेशातल्या संगणकावरून भारतातल्या साध्या फोनवर असा कॉल उतरवायला परवानगी नव्हती. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे भारतीय कंपनीला पैसे मिळतात, हे त्यामागचे अर्थकारण. हे शुल्क २०१५ मध्ये मिनिटाला ५३ पैसे होते, फेब्रुवारी २०१८ पासून ३० पैसे झाले आणि २०२० मध्ये ३५ ते ६५ पैशांचा पट्टा ठरला.

हे शुल्क चुकवण्यासाठी एक चोरवाट निघाली. परदेशातला कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा, एका खोलीत शेकडो सिमकार्डे लावलेल्या यंत्रात तो सोडायचा आणि तिथून स्थानिक कॉल म्हणून घरी पोहोचवायचा. मुलगा दुबईहून बोलतोय आणि फोनवर नंबर मात्र भारतातलाच दिसतोय, हा अनेक घरांचा अनुभव यातूनच आला. अशा यंत्रांवर पोलिसांचे छापे अजूनही पडतात, आणि ते पडायलाच हवेत. तीच यंत्रे फसवणुकीलाही वापरली जातात.

परवानाधारक कंपन्या आणि ॲप यांच्यातला वाद डिसेंबर २०१४ मध्ये उघड्यावर आला. एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा दर लावण्याचे जाहीर केले आणि लोकांच्या रोषानंतर मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या विषयावर मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. भारतातले टोक मोकळे राहिले ते या निर्णयामुळे. आखाती देशांनी घेतलेली वाट पाहता याचे महत्त्व अधिकच जाणवते.

२०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांनाही इंटरनेट टेलिफोनीची स्पष्ट मुभा मिळाली आणि बीएसएनएलने ‘विंग्स’ ही सेवा आणली. अलीकडचा बदल अधिक काळजीपूर्वक पाहावा लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशवहनाच्या ॲपना असा निर्देश दिला की खाते ज्या सिमवर उघडले ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावे. फसवणूक रोखण्याचा हेतू योग्य आहे. पण भारतातल्या नंबरावर व्हॉट्सॲप ठेवून फोनमध्ये परदेशी सिम घालणारे असंख्य कामगार आहेत, आणि नियम राबवताना त्यांचा विचार झाला नाही, तर ज्याला दोन सिमचा फोन परवडत नाही त्याचेच बोलणे आधी तुटेल.

आखातातील बंधने

इंटरनेट कॉलवर सर्वांत चिवट बंधने आहेत ती संयुक्त अरब अमिरातीत. तिथे इंटरनेटवरून आवाजाची सेवा देण्याचा अधिकार परवानाधारक कंपन्यांना, म्हणजे एतिसलात आणि डू यांना आहे. इतर सेवांना त्यांच्याशी करार करूनच चालता येते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर संदेश, फोटो, आवाजी निरोप सारे जाते, कॉल मात्र सामान्यतः लागत नाही. कॉलची पाकिटे संदेशांहून वेगळी ओळखता येतात, म्हणून नेमके तेवढेच अडवणे शक्य होते. बोटिमसारखी मान्य ॲप चालतात. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वेगळे पॅक काढले आणि सुरुवातीला मोबाइलवरच्या पॅकचा दर महिन्याला ५० दिरहम होता. महिना हजार-दीड हजार दिरहम कमावणाऱ्या आणि त्यातले बहुतेक घरी पाठवणाऱ्या माणसाला ही रक्कम किरकोळ नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा आणि कार्यालये घरून चालू लागली तेव्हा अमिरातीने झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशा काही सेवांना वाट दिली. ती दफ्तराच्या आणि शिक्षणाच्या सोयीसाठी होती. कामगाराने घरी बोलायचे नेहमीचे साधन तसेच अडलेले राहिले.

आडवाट म्हणून अनेक जण व्हीपीएन, म्हणजे आपला खरा इंटरनेट पत्ता लपवणारे ॲप, वापरतात. अमिरातीच्या सायबर कायद्यात, खोटा इंटरनेट पत्ता वापरून गुन्हा करण्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. व्हीपीएन बाळगणे हाच गुन्हा असा त्याचा अर्थ नाही, पण बंद सेवा उघडण्यासाठी ते वापरणे कोणत्या बाजूला मोडेल याची खात्री कामगाराला देणारा कोणी नसतो. शिवाय फुकट मिळणारी अनेक व्हीपीएन ॲप वापरणाऱ्याची माहिती विकून जगतात. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात त्यात अशी ॲप घालणे धोक्याचेच.

सौदी अरेबियाने वेगळा निर्णय घेतला. तिथे सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठली. तेलावरचे अवलंबन कमी करून नवे उद्योग उभारायचे तर दळणवळण स्वस्त हवे, असा त्यामागचा विचार होता. सुरक्षेचे कारण पुढे करून बंदीचे समर्थन केले जाते, पण शेजारच्या मोठ्या देशाने ती उठवून इतकी वर्षे झाली आहेत आणि कारभार चालला आहे. अमिरातीतल्या बंदीचे मुख्य कारण परवानाधारक कंपन्यांचे उत्पन्न हेच मानावे लागते, आणि ते उत्पन्न सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या घरच्या बोलण्यातून काढले जाते.

राज्याची परवानगी असूनही मालकाची नसते, अशी एक अवस्था आहे. घरकामाला असलेल्या स्त्रीचा फोन काढून घेतला जाणे, वाय-फायचा पासवर्ड न देणे, दिवसातून ठरावीक दहा मिनिटेच बोलू देणे, या तक्रारी जुन्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ वा करार केला, पण आखाती देशांनी तो स्वीकारलेला नाही. अशा ठिकाणी फोन हा मारहाण, थकवलेला पगार, काढून घेतलेला पासपोर्ट यांची खबर बाहेर जाण्याचा एकमेव मार्ग असतो आणि म्हणूनच तो आधी बंद केला जातो.

बोटीवरचा माणूस

दर्यावर्दी माणूस या इतिहासात सर्वांत उशिरा येतो. गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीची वाट पाहत मुंबईतल्या आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावाच्या वसतिगृहांत, राहत आणि एकदा बोट सुटली की नऊ-दहा महिने घराला त्यांची खबर बंदरातून टाकलेल्या पत्रानेच मिळे. पुढे उपग्रहाचा फोन आला, पण त्याचे दर खलाशाच्या आवाक्यात नव्हते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज तिथवर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो, म्हणजे १५० मिलिसेकंदांची मर्यादा निसर्गनियमानेच ओलांडली जाते. पैसे कितीही ओतले तरी हा उशीर कमी करता येत नव्हता.

तो कमी झाला उपग्रह खाली आल्यामुळे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात आणि जहाजांसाठीची त्यांची सेवा जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. भर समुद्रातून व्हिडिओ कॉल तेव्हापासून शक्य कोटीत आला. मात्र तो लावू द्यायचा की नाही हे जहाजाचा मालक ठरवतो. म्हणून सागरी कामगार करार महत्त्वाचा आहे. २००६ चा हा करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. शक्य असेल तिथे जहाजावर खलाशांना इंटरनेटसह संपर्काची सोय द्यावी आणि शुल्क घ्यायचेच तर ते वाजवी असावे, असे ती सांगते. घरच्यांशी बोलणे ही मालकाची मेहेरबानी नसून नोकरीच्या अटींचा भाग आहे, हे एका आंतरराष्ट्रीय कराराने इतक्या स्पष्टपणे म्हटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

घरात काय बदलले

स्टीव्हन व्हर्टोव्हेक या मानववंशशास्त्रज्ञाने २००४ मध्येच असे मांडले होते की स्वस्त फोन हा स्थलांतरित कुटुंबांना सांधणारा सर्वांत मोठा घटक आहे. २०१२ मध्ये मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो माता आणि मायदेशी राहिलेली त्यांची मुले, अशा दोन्ही बाजूंना विचारून पुस्तक लिहिले. त्यातून निघालेले चित्र एकरंगी नाही. दुरून का होईना पण आईपण निभावता येते, असे आयांना वाटत होते. मुलांचे म्हणणे वेगळे होते. जी फार लहान असताना आई गेली त्यांतल्या अनेकांना हे बोलणे अपुरे वाटे, कधी जाचकही वाटे. संपर्क वाढला म्हणजे जवळीक आपोआप वाढते, हे गृहीत धरता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या पैशांवर चालणाऱ्या कोकणातल्या घरांतही असेच दुहेरी बदल दिसतात. बांधत असलेल्या घराची भिंत मालक अबुधाबीतून पाहतो, गवंड्याशी थेट बोलतो, मुलाचे प्रगतिपुस्तक त्याच संध्याकाळी वाचतो. पूर्वी भावाच्या किंवा वडिलांच्या मध्यस्थीने चालणारा कारभार नवरा-बायकोच्या बोलण्यात आला, आणि पैसे कुठे गेले याचा हिशेब बाईच्या हाती आला. त्याच वेळी पाळतही वाढली. कुठे आहेस, कॅमेरा फिरवून दाखव, उचलला का नाहीस, या प्रश्नांना दुरून उत्तर देत राहणे हे कित्येकींच्या वाट्याचे नवे ओझे आहे. परदेशातल्या माणसाचेही एक ओझे आहे. आठ जणांच्या खोलीतली वरची खाट, धुळीने भरलेले कपडे, सुजलेले पाय कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून तो भिंतीकडे पाठ करून बोलतो. आठ जणांसमोर बायकोशी बोलायचे म्हणजे काय बोलायचे, हा प्रश्न दूरसंचार धोरणाच्या कोणत्याही कागदात नाही.

वेळेचे गणित आखाताला अनुकूल आहे. अमिराती भारताच्या दीड तास मागे आणि सौदी, कुवेत, कतार अडीच तास मागे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते. घरी तेव्हा दोन ते साडेचार झालेले असतात, आणि बांधकामावरच्या अनेकांचा घरचा फोन त्या सावलीच्या वेळेत होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी मात्र साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक पडतो, म्हणजे एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. तिथल्या कुटुंबांनी वेळ जुळवण्यापेक्षा आवाजी निरोप ठेवण्याचा मार्ग पत्करला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

सुरक्षितता

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून संदेश आणि कॉल दोन्ही टोकांदरम्यान कूटबद्ध केले. मधला कोणी ते ऐकू शकत नाही, पण फोनच ताब्यात गेला तर हे संरक्षण संपते. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात तर नुसता न उचललेला व्हॉट्सॲप कॉल फोनमध्ये पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवायला पुरला होता. ॲप अद्ययावत ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

सामान्य कुटुंबाला खरा धोका फसवणुकीचा आहे. मुलगा विमानतळावर पकडला गेला आहे, कस्टम्सने सामान अडवले आहे, लगेच पैसे पाठवा, असे सांगणारा फोन त्याच्याच फोटोसह अनोळखी नंबरावरून येतो. आवाजाची नक्कल आता यंत्रही करते. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल पकडल्याचे सांगण्यात आले. पण ॲपवरून येणारे कॉल या चाळणीतून जात नाहीत. घरातल्या माणसांनी आपसांत एक परवलीचा शब्द ठरवून ठेवणे आणि पैसे पाठवण्याआधी जुन्या नंबरावर स्वतः फोन लावणे, हे दोन नियम अशा अनेक फसवणुकी रोखू शकतात.

इंटरनेट कॉलची एक मर्यादा नेहमी विसरली जाते. व्हॉट्सॲप किंवा बोटिमवरून पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांना बोलावता येत नाही. त्यासाठी स्थानिक सिम चालू असावे लागते. अमिरातीत पोलिसांचा क्रमांक ९९९ आहे. वकिलातीचा आणि दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नंबर फोनबरोबरच कागदावरही लिहिलेला असावा, कारण फोन काढून घेतला गेला तर कागदच उरतो.

भारताचे आखाती देशांशी मनुष्यबळाविषयी करार आहेत आणि त्यांत वेतन, निवास, प्रवासखर्च यांचा विचार होतो. सागरी कामगारांसाठी जे मान्य झाले आहे ते किनाऱ्यावरच्या कामगार छावण्यांनाही लागू करून घेणे अवघड नाही. निवासाच्या जागी वाजवी दरात इंटरनेट, घरी बोलायला थोडी आडोशाची जागा, फोन स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आणि नेहमीच्या ॲपवरून कॉल लावण्याची मुभा, एवढ्या चार गोष्टी नोकरीच्या करारपत्रात लिहिलेल्या असाव्यात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकप्रतिनिधींनी हा आग्रह केंद्र सरकारकडे धरावा, आणि परदेशी निघालेल्या प्रत्येकाने सही करण्याआधी पगाराच्या आकड्याबरोबर या अटीही विचाराव्यात.